दगडातला कान

जाड काचेआड दगड हळूहळू फिरत होता.

एरवी त्या जागी गाड्यांच्या इंजिनांचे ओतीव भाग फिरत. त्यांच्या पोटात कुठे पोकळी, कुठे चीर राहिली आहे, ते हे एक्स-रेचं यंत्र भाग न फोडता दाखवायचं. चाकणच्या त्या लॅबमध्ये सायलीचं रोजचं काम तेच. आज रविवार, शिफ्ट बंद, आणि यंत्रात होता डायनासोरच्या कवटीचा तुकडा. चंद्रपूरकडच्या रानात सापडलेला. तो घेऊन आलेल्या मोनिका मॅडम असल्याच हाडांचा अभ्यास करत. चहा निवून गेला तरी त्यांची नजर पडद्यावरून हलली नव्हती.

मागच्या खुर्चीत सायलीचे वडील बसले होते, कोंडाजी. "आप्पा, फार जुनं हाड आलंय, बघायला चला," म्हणून तिने त्यांना आणलं होतं. घरी जायची वाट म्हाळुंग्याच्या सप्त्याच्या मंडपावरून जाणार होती, आणि संध्याकाळी तिथे कीर्तन होतं. कोंडाजी ओळखून होते.

"हाड बघीन. कीर्तनाला न्हाई," गाडीत बसतानाच त्यांनी सांगून टाकलं होतं.

त्यांची सगळी नोकरी फोर्जिंगच्या कारखान्यात, हॅमरपुढे गेली. दिवसभर लाल लोखंडावर घण, आणि सुट्टी झाली की हाच माणूस टाळ घेऊन कीर्तनात उभा. मग कान गेले. सगळे नाही, वरचे आवाज गेले. आधी पाखरं, मग लेकीबाळींची बोलणी, मग हातातल्या टाळाची किणकिण. गेल्या सप्त्यात त्यांचा टाळ चुकला आणि चुकतच राहिला. बुवांनी अभंग थांबवून नुसतं पाहिलं. रागाने नाही, मायेने. तेच लागलं. तेव्हापासून टाळ खुंटीला आणि कोंडाजी घरात.

यंत्र थांबलं. पडद्यावरचा दगड धुक्यासारखा विरत गेला. आत, माणूस जन्मायच्याही आधीपासून अंधारात राहिलेलं काहीतरी उजळलं. तीन नाजूक कड्या एकमेकींना टेकलेल्या, आणि खाली एक आखूड शेंडा.

"कान," मोनिका मॅडम हलकेच म्हणाल्या. "आतला कान. जनावर गेलं, हाडाचा दगड झाला, पण कानाचा साचा तसाच राहिला."

सायलीचा आवाज मुळात बारीक. वडिलांशी बोलताना ती तो खाली उतरवायची, छातीतून. त्यांच्याजवळ वाकून ती म्हणाली, "आप्पा, हा त्याचा कान."

"एवढ्या थोरल्या जनावराला एवढासा?" कोंडाजी खुर्ची ओढून पुढे आले. "ह्याला काय ऐकू जात आसंल?"

मोनिका मॅडमनी खालच्या शेंड्यावर बोट ठेवलं. "हा लांब असता ना काका, तर बारीक आवाज ऐकू आले असते. हा आखूड आहे. पाखरांची किलबिल ह्याच्यापर्यंत पोचत नसणार. पण आभाळ गडगडलं, जमीन हादरली, लांबून दुसरं जनावर घुमलं, तर ह्याला कळायचं. असा आमचा अंदाज."

सायलीने ते सगळं खालच्या आवाजात वडिलांना सांगितलं. कोंडाजींनी पडद्याकडे पाहत स्वतःच्या कानाला हात लावला.

"ह्यो बी हॅमर शॉपला व्हता का काय?"

दोघी खळखळून हसल्या. त्यांचं हसू कोंडाजींना दिसलं, ऐकू आलं नाही. तेही हसले. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "टाळ?"

मोनिका मॅडमनी मान हलवली. नाही.

"बुवांचं गाणं?"

"अंधुक," मॅडम म्हणाल्या. सायलीने ते त्यांच्या कानाशी पोचवलं.

"आन् मुरदुंग?"

"डावी बाजू," सायलीच बोलली, खालच्या आवाजात. "कणीक थापलेली, घुमणारी. ती ऐकली असती त्यानं, आप्पा."



दगड यंत्रातून निघाला, कापसात गुंडाळून पेटीत गेला आणि पेटी टेबलावर आली. मागे असाच एक दगड वाटेत नाहीसा झाला होता. तेव्हापासून मोनिका मॅडम पेटीत चिप ठेवत. पेटी कुठे आहे, तिला धक्का बसला का, सगळं त्यांच्या फोनवर उमटे, थोडं उशिराने.

दोघी वायरी गुंडाळत होत्या. कोंडाजींनी पेटीशेजारी टेबलावर हात ठेवला. डोळे मिटले. मग डाव्या हाताचा तळवा टेबलावर पडू लागला. धूम. धूम. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

फोन थरथरला. पेटीला धक्के बसत असल्याची सूचना होती. मोनिका मॅडम दचकून वळल्या. फोनवरच्या रेषेत लहान लहान टेकड्या उठत होत्या, सारख्या अंतरावर, एक मोठी, मग दोन धाकट्या.

"अहो आप्पा..." सायली पुढे झाली. मोनिका मॅडमनी तिचा हात धरला.

"राहू दे. पोचतंय त्याला."

थोड्या वेळाने कोंडाजींनी डोळे उघडले. पेटीवरून एकदा हात फिरवला, झोपलेल्या लेकरावरून फिरवावा तसा, आणि उठून वहाणा घातल्या.

"चल सायले. बुवा उभं राहतील आता. टाळ नगं मला. मुरदुंगापाशी बसीन, कणकेच्या अंगाला."

ते दारापर्यंत गेलेही. टेबलावर कुणाचा हात नव्हता. फोनवर मात्र ठोके अजून उमटत होते, जरासे मागून, बुवांच्या मागून टाळकरी धरतात तसे.