नसलेला ब्रेक

गाडी शिकवताना बाबा शेजारी बसून नसलेला ब्रेक इतका दाबायचे, की तिथली मॅट टाचेखाली पार झिजली.

"बाबा, जरा भरवसा ठेवा की लेकीवर!" ती करवादायची.

बाबा गेले, गाडी राहिली.

आज तिसऱ्यांदा परीक्षा होती. तिने आरसा दोनदा नीट केला. बाबांच्या जागेवर परीक्षक साहेब बसले.

चौक आला, तसा शेजारून पाय आपटल्याचा आवाज आला: धप्प. तिने ब्रेक दाबला. वळणावर पुन्हा धप्प. रस्त्यावरची नजर न हलवता ती हसली. जिवात जीव आला.

"पास," गाडी थांबल्यावर साहेब पुटपुटले.

तिने वळून पाहिलं. साहेब सीटवर मांडी घालून बसले होते.

"साहेब, पाय वर का घेतलेत?"

"खाली ठेवायला जागा कुठे आहे?"