दोन खाचांचा दांडा

पत्रा कापणाऱ्या नव्या प्रेसचा दांडा हातात धरताच इंजिनियर हेमांगी चरकली. बोटांसाठी त्याला दोनच खाचा होत्या.

हल्ली यंत्रं संगणकच बेतायचा; माणसाने फक्त गरजांची यादी भरायची. ‘दांडा इथल्या कामगारांच्या हाताला बसावा’ हे तिने ‘हवंच’ या रकान्यात लिहिलं होतं. बोटं वाचवणारी जाळी मात्र साहेबांचं ऐकून ‘जमलं तर’मध्ये टाकली होती. संगणकाने वर्कशॉपमधला एकेक हात मोजला आणि जाळी वगळली.

“मॅडम, एकदम फिट!” कोंडिबामामांनी अंगठ्याशेजारची उरलेली दोन बोटं खाचांत बसवून दाखवली.

आजच कामाला लागलेल्या जयवंता या मुलीने दांडा धरून पाहिला. “मामा, माझी दोन बोटं बाहेरच राहतात.”

“राहू देत, पोरी,” मामा मायेने म्हणाले. “बसेल हळूहळू. आम्हा सगळ्यांना बसला.”