तेरा नंबरचा पाना

"काकी, पेटीतल्या सगळ्या जर्मन पान्यांचा गंज निघाला. तेरा नंबरचाच लाल राहिलाय," मी फोनवर म्हणालो.

"अरे, तो गंज नव्हे, कुंकू आहे," शालनकाकी हसल्या. "ह्यांच्या हातात दिवसभर तोच असायचा. दर दसऱ्याला त्याला एक बोट जास्त लावायचे मी."

मी रॉकेलचा बोळा खाली ठेवला. जुन्या मोटारींच्या माझ्या गॅरेजसाठी मी अशी हत्यारं गावोगाव फिरून जमवतो. काका गेल्यावर काकींनी त्यांची पेटी स्वतःहून माझ्या हवाली केली होती.

दसऱ्याला हत्यारं पाटावर मांडली, झेंडू वाहिला आणि काकींना घेऊन आलो. कुंकवाचा करंडा पुढे केला, तशा त्या मागे सरल्या.

"माझ्या हातानं आता कुंकू नको रे. दुसऱ्या कुणाला तरी सांग."

"बाकीच्यांना मी लावलंय काकी. हा तेरा नंबरचा मात्र तसाच ठेवलाय. तुम्ही नाही लावलंत, तर यंदा कोरडाच राहील."

काकी पाटासमोर बसल्या. मग पदराला हात पुसून त्यांनी करंड्यात बोट बुडवलं आणि पान्याला लावलं.

आणि सवयीनं आणखी एक.