चौथा रकाना

सात ठिकाणांच्या तक्त्यात जे गाव सातवे आले होते, तेच तपासनिसांच्या पत्नीने अर्ध्या मिनिटात निवडले.

आता दोघे त्याच गावातल्या एका रिकाम्या घराच्या खिडकीशी उभे होते. बाहेर नळाच्या तोंडाला बोटभर बर्फ लोंबत होता. पत्नीने हातमोज्यांवरून शालही गुंडाळली होती, कारण थंडीत तिच्या बोटांची पेरे सुजत. ही बाब तक्त्यात होती. दुसरा रकाना, हिवाळ्यातले किमान तापमान.

तपासनिसांनी चौतीस वर्षे दुकानादुकानांतले वजनकाटे तपासले होते. महिनाअखेर कार्यालयाने दिलेले घर सोडायचे होते, आणि त्यानंतर पुन्हा बिऱ्हाड हलवण्याचे त्राण दोघांतही उरले नव्हते. ही निवड शेवटची होती. म्हणून त्यांनी तक्ता केला होता. दवाखाना किती दूर, थंडी किती, पाणी किती जड, मुलाचे घर किती लांब. चौथ्या रकान्याला त्यांनी सर्वाधिक गुण राखले होते. अंतर जितके कमी, तितके गुण जास्त. पहिली आली ती मुलाच्याच शहरातली, त्याच्या घराजवळची दोन खोल्यांची जागा. चौदाशे किलोमीटर उत्तरेचे हे गाव शेवटचे. खरे तर तुलनेला एखादा वाईट नमुना असावा, एवढ्याचसाठी त्यांनी ते यादीत घातले होते.

"अगं, तक्ता नीट बघ. हे खालून पहिलं आहे," ते म्हणाले होते.

"मग पहिलंच झालं की," ती म्हणाली होती.

त्यांनी कारणे तपासून पाहिली. माहेरचे इथे कोणी नव्हते. डोंगरांची हौस म्हणावी, तर घाट चढताना ती डोंगरांकडे पाठ करून घोरत होती. वाचनालय होते, पण त्याच्या कुलपाला गंज चढला होता. थेट विचारले तर "मला आवडलं" एवढेच उत्तर मिळे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, हे तपासनिसांना मान्य होते. पण इथे कावळ्याने मोडकी फांदी निवडून, तिच्यावर बसायला दोन दिवसांचा प्रवास केला होता.

भाडेकरार टेबलावर पडला होता. नाही म्हणायचे, हे त्यांनी बसमध्येच ठरवले होते. तिच्या त्या बोटांनी इथे एक हिवाळाही काढला नसता. त्यांनी पुरावा म्हणून खिशातून तक्ता काढला.

तेवढ्यात घरमालकीण किल्ल्यांचा जुडगा घेऊन आली.

"रात्री नळ थेंबथेंब चालू ठेवायचा हं, नाहीतर पाइप फुटतो. आमचे हे दोनदा विसरले. दोन्ही वेळा फरशी मीच पुसली." मग तिने पत्नीकडे मोर्चा वळवला. "मुलंबाळं काय तुम्हाला?"

"एक मुलगा आहे."

"येतो ना भेटायला?"

तपासनिसांनी सवयीने बुटाच्या नाड्यांकडे पाहिले. हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता. कार्यालयाच्या घरी खालच्या मजल्यावरची शिक्षिका दर रविवारी जिन्यात विचारी, "काय काकू, आज तरी आला का मुलगा?" मुलाचे घर तिथून चार किलोमीटर होते. बसने बावीस मिनिटे. भांडण झालेले नव्हते. फोनवर तो "येतो गं" म्हणे. सोळा महिने तो आला नव्हता, एवढेच.

पत्नीने आधी त्याला सर्दी झाल्याचे सांगितले. मग कामाचा डोंगर पडल्याचे. एकदा तर त्याच्या इमारतीची लिफ्ट बंद असल्याचेही सांगून झाले. तो तळमजल्यावर राहत होता. अलीकडे रविवारी ती मागच्या जिन्याने भाजी आणायला जाई. तपासनिसांनी ते व्यायामात धरले होते.

"कसला येतोय हो!" पत्नी म्हणाली. तिने उत्तर शोधले नाही, नजरही चुकवली नाही. "चौदाशे किलोमीटर म्हणजे काय खायचं काम आहे? दोन दिवस यायला, दोन जायला. नोकरीवाल्या माणसानं यावं तरी कसं?"

"खरंय बाई. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष!"

"नाहीच मुळी," पत्नी म्हणाली. घरी कित्येक महिन्यांत निघाला नव्हता, असा मोकळा श्वास तिच्या तोंडून निघाला आणि थंडीत वाफ होऊन दिसलाही.

तपासनिसांनी हातातला तक्ता पुन्हा वाचला. चौतीस वर्षे इतरांच्या काट्यांत खोट शोधण्यात गेली होती. त्यांच्या स्वतःच्या बेरजेत चूक नव्हती. चूक चौथ्या रकान्यात होती. त्यांनी पेन्सिलीने 'कमी' हा शब्द खोडला आणि वर 'जास्त' लिहिले. पुन्हा बेरीज करण्याची गरज पडली नाही.

"अहो, सही करताय ना? बोटं ठणकायला लागलीत माझी."

"करतो," ते म्हणाले, आणि त्यांनी केली.

चार किलोमीटर हे सोळा महिने न येण्याचे कारण होऊ शकत नव्हते. चौदाशे किलोमीटर होऊ शकत होते.