पेपरवरचं नाव
अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात अश्लेषा वसईच्या खाडीवर पाण्याचे नमुने घ्यायला आली. तिच्याआधी हे संशोधन खाडीकाठचाच हितेश करायचा. वर्षापूर्वी तो तापाने गेला. त्याच्या तीन वर्षांच्या नोंदींवरून लिहिलेल्या पेपरवर गाइडसरांनी हितेशचं नाव गाळून आपल्या नावाखाली अश्लेषाचं घातलं. "मेलेल्याला काय नोकरी लागायची आहे?" ते म्हणाले. अश्लेषाच्या प्रबंधावर सही त्यांचीच लागणार होती. तिने पेपर तसाच छापू दिला. बांधावर हितेशची आई भेटली. आग्रहाने घरी नेऊन तिने विचारलं, "पोराचं नाव छापून येनार होतं. आलं का गो?" छापील पेपर पिशवीतच होता. "आलं," अश्लेषाच्या तोंडून निघून गेलं. "मना वाचता येत नाय. दाखव ना, कुठं हाय?" अश्लेषाने स्वतःच्याच नावावर बोट ठेवलं. आईने तो पेपर हितेशच्या तसबिरीला टेकवला आणि अश्लेषाच्या नावाला हळदकुंकू लावलं.