आतली वाफ

मुखरूभाऊ आलापल्लीहून भामरागडला सवाऱ्या नेत. त्यांच्या गाडीचे दिवे पिवळट, धुरकट झाले, म्हणून ते हेमराजच्या गॅरेजात आले. हेमराजने पाणी मारत, बारीक पॉलिशपेपरने घासून डावा दिवा लख्ख केला.

तेवढ्यात दिव्याच्या प्लास्टिकच्या झाकणावर आतून वाफ धरली. विरली. पुन्हा धरली.

"पाणी गेलं असंल आत," मुखरूभाऊ म्हणाले.

हेमराजने दिवा खोलला. आत कोरडा ठणठणीत. परत बसवला, तर पुन्हा तेच. आरशाजवळ तोंड नेऊन कोणी श्वास सोडावा, तशी वाफ.

हेमराजची नजर मुखरूभाऊंच्या छातीकडे गेली.

"भाऊ, जरा सास रोखून पाहा बरं."

मुखरूभाऊंनी श्वास रोखला. वाफ थांबली. सोडला, तशी उमटली.

"अरे, हा तं माही नक्कल करून राह्यला!" ते हसले.

मग वाफ भराभर येऊ लागली, आणि मुखरूभाऊंना धाप लागली. ते मटकन खाली बसले.

हेमराजने हातोडी उचलली. "भाऊ, फोडू का?"

"नको!" ते कसेबसे ओरडले. "नको फोडू!"

हेमराजचा हात वरच राहिला. वाफ विरली आणि पुन्हा आलीच नाही. मुखरूभाऊंनी तोंड उघडलं होतं, पण छाती हलत नव्हती. डोळे हेमराजवर खिळले होते.

हेमराज दिव्याला तोंड लावून बाहेरून फुंकू लागला. बाहेर वाफ धरायची, विरायची. आतली बाजू तशीच लख्ख होती.