ती जपानला आहे

सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी येन-रूला जाग आली. उशाशी फोन नव्हता आणि गजर फोनमध्येच होता. खालून, आईच्या नाश्त्याच्या दुकानातून, तव्यावर अंडं पडल्याचा चर्र आवाज आला आणि पाठोपाठ आईचा.

"सांगितलं ना, ती जपानला आहे. तू खा."

येन-रू ताडकन उठली. रोज सकाळी सहा ते सात ती कुठे सापडेल, हे तिने उत्तेजकांची तपासणी करणाऱ्यांना लिहून दिलेलं होतं. त्या तासात सापडली नाही की एक चूक. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की दोन वर्षं टेनिस बंद. दोन झाल्या होत्या. एकदा विमान उशिरा पोचलं. एकदा पहिल्याच फेरीत हरून ती स्वस्तातल्या खोलीत राहायला गेली आणि पत्ता बदलायला विसरली. सत्तावीस वर्षांची, जगात एकशे त्र्याण्णवावी. या वयात दोन वर्षं घरी बसलेली खेळाडू परत येत नाही.

ती मोजे घातलेल्या पायांनी जिना उतरली. कोपऱ्यातल्या स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. येन-रूने चेहऱ्याआधी त्यांच्या पायाशी ठेवलेली करडी पेटी ओळखली. तपासनीस च्वांगबाई.

"मी आहे! मी इथेच आहे!"

आईने उलथनं हातात धरूनच मागे पाहिलं. मग च्वांगबाईंकडे वळून शांतपणे म्हणाली, "ही माझी भाची."

"आई!"

"दिसते थोडी तिच्यासारखी."

च्वांगबाईंनी ओळखपत्र पुढे केलं, घड्याळ पाहिलं आणि कागदावर वेळ लिहिली. सहा एकोणपन्नास. "पासपोर्ट दाखवा, मिस लाइ. आणि नमुना मिळेपर्यंत माझ्या नजरेआड होऊ नका."

पासपोर्ट मिळाला. लघवीचा नमुना मिळेना. येन-रू पहाटे अर्धवट झोपेत जाऊन आली होती. नव्वद मिलिलिटर लागणार होते. च्वांगबाईंनी पेटीतून पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या काढल्या.

"हजारदा सांगितलंय तुला," पाणी पिता पिता येन-रू म्हणाली. "सहा ते सात कोणीही येवो, कोणीही, मला उठवायचं. फ्रिजवर कागद लावलाय. लाल अक्षरांत."

"मग यांनी सांगायचं ना, तपासायला आलेय म्हणून. तासभर आपलं 'मिस लाइंना भेटायचंय, मिस लाइंना भेटायचंय.' असं तर कोणीही म्हणेल."

"घरच्यांनासुद्धा कारण सांगता येत नाही आम्हाला, काकू."

आईने सोयाच्या दुधाचा पेला येन-रूपुढे आदळला. "हे पी. लवकर येईल."

"उघडं काही पिता येत नाही मला. हेही हजारदा सांगितलंय."

"माझ्या हातचं उघडं?"

"काकू, आधी माझे पैसे घ्या," च्वांगबाई म्हणाल्या. "आम्हाला फुकट खाता येत नाही. मघापासून मी पैसे पुढे करतेय आणि तुम्ही उलट मलाच विचारताय, तुझे किती बुडाले."

येन-रूने बाटली खाली ठेवली. "काय बुडाले?"

आई तवा खरवडायला लागली.

"आई. माझा फोन कुठाय?"

"मला वाटलं, ही तीच, धमकी देणारी." आईने ॲप्रनच्या खिशातून फोन काढला. "नावावरून बाई की बाप्या, काय कळतं?"

"उघडलास कसा?"

"स्वतःच्या जन्मतारखेपलीकडे तुला दुसरा आकडा सुचलाय कधी?"

परवा जपानमध्ये, ओसाकात, येन-रू तिसऱ्या सेटमध्ये पाच-दोनने पुढे होती आणि हरली. अशा हरण्यानंतर तिच्यावर पैसे लावणाऱ्यांचे संदेश येतात. हात तोडू, मर, तुझी आई मरो. तीन वर्षं झाली, ती न वाचताच पुसून टाकत होती. आता सगळे वाचलेले दिसत होते. शेवटचा होता, 'तुझं घर शोधून काढीन.' त्याखाली, पहाटे चार वाजता, म्हणजे आई सोयाबीन वाटायला उठते तेव्हा, येन-रूच्या नावाने उत्तर गेलं होतं.

'शोधू नकोस. चायी, पूर्व बाजारामागची गल्ली, लाइ यांचं नाश्त्याचं दुकान. सहाला ये. रिकाम्या पोटी माणसाला काहीही सुचतं.'

येन-रूने ते दोनदा वाचलं. "तू पत्ता दिलास?"

"तो शोधणारच होता. उगाच गावभर विचारत फिरला असता."

"आणि मी वर झोपलेली!"

"तू कुठे? तू जपानला होतीस."

येन-रूने च्वांगबाईंकडे पाहिलं. त्या कागदांत डोकं घालून बसल्या होत्या. दुसरी बाटली अर्धी झाली होती आणि अजून काही होत नव्हतं.

बाहेर स्कूटर थांबली. पन्नाशीचा एक माणूस उतरला. अंगावर रखवालदाराचा गणवेश, डोळे रात्रपाळीने तांबारलेले. त्याने दुकानाची पाटी पाहिली, हातातला फोन पाहिला, पुन्हा पाटी पाहिली. हेल्मेट न काढताच तो तव्यापाशी आला.

"लाइ येन-रूचं घर हेच का?"

त्याची नजर दुकानभर फिरली. च्वांगबाई, करडी पेटी, विस्कटल्या केसांची मोजे घातलेली एक मुलगी. नजर त्या मुलीवर थांबली नाही, पुढे गेली.

येन-रूने एक मोठा सुस्कारा टाकला आणि पायाने रिकामं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"ती जपानला आहे," आई म्हणाली. "ते डोक्यावरचं काढ आणि बस. अंडी एक की दोन?"